खरवड

शनिवारी सकाळी आमच्या घरातला कालथा हरवला. तव्यावर थालीपीठ, त्याच्या कडा तांबूस होत आलेल्या, आणि उलटायला हातात काही नाही. अशा आणीबाणीत बायकोने आधी ड्रॉवर उपसले, मग डिशवॉशर उघडला, मग माझ्या नावाने हाक मारली. लग्नाला सतरा वर्षं झाली की हरवलेल्या वस्तूचा तपास कुठून सुरू करायचा हे अनुभवाने कळतं. हाकेला ओ आली ती गॅरेजमधून, जमिनीच्या पातळीवरून आणि जरा घुसमटलेली. तिने दार उघडून पाहिलं, तर गवत कापायच्या ट्रॅक्टरखालून माझे दोन पाय बाहेर आलेले आणि आतून खर्र खर्र असा आवाज.

"कालथा तुझ्याकडे आहे?"

खर्र खर्र थांबलं. नाही म्हणावं तर हातात पुरावा होता.

"दोन मिनिटांत देतो," मी म्हटलं. "धुऊन."

'धुऊन' म्हणायला नको होतं. तो कालथा तिच्या आईने रुखवतात दिलेला. रुखवतातल्या बाकीच्या वस्तू सतरा वर्षांत कुठे कुठे गेल्या, पण जाड पितळी दांड्याचा हा कालथा पुण्याहून अमेरिकेत आला, तीन घरं बदलली, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच स्वयंपाकघराबाहेर पडला होता. बायको काही बोलली नाही. आतून जळक्या थालीपिठाचा वास आला. नंतर तोही बंद झाला.

आता माझी बाजू मांडतो.

आम्ही राहतो उत्तर कॅरोलिनात, रॉली शहराच्या जरा बाहेर. घराभोवती पाऊण एकर जागा आहे. पाऊण एकर म्हणजे तीस गुंठे. हे तीस गुंठे पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी असते तर त्यात बाजरी झाली असती, मटकी-हुलगा झाला असता, वाटणी झाली असती आणि चुलत्यांशी बोलणं बंद झालं असतं. इथे त्यात नुसतं गवत आहे. ते खायला कुणी नाही. त्याला खत घालायचं, पाणी द्यायचं, आणि त्या खतापाण्याने ते वाढलं की गुन्हा केल्यासारखं कापून टाकायचं. नाही कापलं तर घरमालकांच्या संघाची चिठ्ठी येते. चिठ्ठीची भाषा गोड असते, पण शेवटी दंडाचा आकडा असतो.

हे वेड माझ्या एकट्याचं नाही. क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली उपग्रहांच्या मदतीने हिशेब मांडला, तेव्हा अमेरिकेतली अशी हिरवळ १,६३,००० चौरस किलोमीटरच्या पुढे निघाली. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात नुसतं कापायचं गवत पेरलंय, आणि त्यावर चरायला एक म्हैस नाही.

सुरुवातीची दोन वर्षं मी ढकलायच्या यंत्राने कापत होतो. कॅरोलिनाच्या जुलैमध्ये तीस गुंठे पायी कापल्यावर माणूस देवाला जे मागतो, ते मी दुकानात जाऊन विकत घेतलं. बसून चालवायचा ट्रॅक्टर. त्याला स्टिअरिंग, दिवे, पाठ टेकायला सीट, आणि शेजारी कॉफीचा पेला ठेवायला खळगा. पहिल्या दिवशी मी त्यावर बसून फोटो काढला आणि गावी चुलतभावाला पाठवला. त्याच्याकडे ५० हॉर्सपॉवरचा खराखुरा ट्रॅक्टर आहे. त्याचं उत्तर आलं : "पिल्लू छान आहे. ह्याची आई कुठंय?"

पण या पिल्लाच्या पोटाखाली काय असतं ते त्याला माहीत नाही. तिथे एक पालथी परात टांगलेली असते. तिला डेक म्हणतात. माझी परात ४२ इंची आहे. तिच्यात दोन लांब पाती फिरतात. ही पाती नुसती कापत नाहीत. त्यांच्या मागच्या कडा वर वळवलेल्या असतात, त्यामुळे ती पंख्यासारखी हवा ओढतात. त्या ओढीने लोळलेलं गवत ताठ उभं राहतं, जसा न्हावी फणीने केस उचलून धरतो, आणि मग कात्री चालते. कापलेलं गवत परातीत गरगरतं आणि बाजूच्या तोंडातून बाहेर फेकलं जातं. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाऊ नये, असं इथलं सुरक्षा-मानक सांगतं. १९,००० फूट म्हणजे ताशी ३४७ किलोमीटर. तेव्हा वरच्या मजल्यावर मी ताशी सात किलोमीटरने कॉफी पीत चाललेला असतो, आणि माझ्या बुडाखाली हा प्रकार चालू असतो.

ताज्या गवतात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणी असतं. एवढ्या वेगाने ते पत्र्यावर आदळलं की त्याचं गवतपण संपतं आणि सारवण सुरू होतं. एक हात आज, एक पुढच्या शनिवारी. आपल्याकडे बाया शेणाने भिंत सारवायच्या, ती वाळून कशी घट्ट बसायची, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. परातीच्या आत थरावर थर चढत जातो, हवा फिरायला जागा उरत नाही, ओढ कमी होते, लोळलेलं गवत लोळलेलंच राहतं. जे कापलं जातं तेही तोंडातून नीट बाहेर पडत नाही, मधेच गोळा होऊन पडतं. शिवाय ओला थर पत्र्याला चिकटून बसला की आतून गंज धरतो. इतकं सगळं होतं आणि वरून दिसत काहीच नाही. वरून ट्रॅक्टर चकचकीत असतो, कारण वरून मी तो दर रविवारी फडक्याने पुसतो.

दुखणं पहिल्यांदा कळलं ते आईला. ती जूनमध्ये सहा महिन्यांसाठी आली. संध्याकाळी मागच्या ओट्यावर चहा घेऊन बसली होती. मी नुकतंच गवत कापून आलो होतो. हिरवळीवर ठिकठिकाणी ओल्या गवताचे काळपट गोळे पडलेले. आईने ते न्याहाळले आणि विचारलं, "इथून गाय गेली का रे?"

"नाही. का?"

"पो पडलेत म्हणून म्हटलं."

मी म्हटलं, "डेक साफ करायला झालाय." दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन पाहतो तर घरामागचा लाकडी ओटा झाडून, पुसून, वर पाणी मारून लखलखीत केलेला. इथे त्या ओट्यालाही डेकच म्हणतात, आणि नातीने आजीला तेवढंच सांगितलं होतं. माझा डेक मात्र होता तिथेच, आणखी एक थर घेऊन.

मग मी उपाय सुरू केले. पहिला उपाय खुद्द यंत्रातच असतो. परातीच्या पाठीवर एक छोटी तोटी असते. तिला बागेचा पाइप जोडायचा, पाणी सोडायचं, सीटवर बसून पाती सुरू करायची. पाती आतल्या आत पाणी घुसळतात आणि परात आपोआप धुतली जाते. ही सोय ज्याने शोधली तो सज्जन माणूस असणार, पण त्याने हे काम गाडीशेजारी ट्रॅक्टर उभा करून कधी केलं नसावं. मी केलं. परातीच्या तोंडातून जे बाहेर आलं त्याला कोथिंबिरीच्या चटणीशिवाय दुसरा शब्द नाही. ती पांढऱ्या गाडीवर गेली, गॅरेजच्या दारावर गेली, आणि वाळायला टाकलेल्या कुरडयांवर गेली. बायकोने त्या कुरडया फेकल्या, आईने त्या धुतल्या, आणि दोघींनी मिळून माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. धुऊन निघाला तो फक्त त्या दिवशीचा ओला थर. जुना माल जागचा हललाही नाही. ही तोटी दर वेळी गवत कापून झाल्याबरोबर वापरायची असते, तीन वर्षांनी एकदा नाही, हे पुस्तिकेत लिहिलं होतं. ते मी नंतर वाचलं. पुस्तिका आपण नेहमी नंतरच वाचतो.

दुसरा उपाय म्हणजे सल्ला. आमच्या मराठी मंडळाची गणपतीच्या तयारीची बैठक होती. मखर, प्रसाद आणि पार्किंग हे विषय दहा मिनिटांत आटोपले, आणि मी सहज डेकचं नाव काढलं. त्यानंतर दीड तास आरतीची यादी कुणाला आठवली नाही. एकजण म्हणाले, परात स्वच्छ करून आत सिलिकॉनचा फवारा मारा. दुसरे म्हणाले, ग्राफाइटचा रंग लावा. तिसरे म्हणाले, गाडीचं मेण. चौथ्यांनी स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा सुचवला, आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून "तेल संपतं कसं ते आज कळलं" असं म्हटलं. पाचवे जुन्या इंजिन ऑइलवर आले, तेव्हा ते जमिनीत झिरपतं, अजिबात लावू नका, असं सगळे एका सुरात ओरडले. संध्याकाळभरात मंडळाचं एकमत झालेली ती एकच गोष्ट. आणि या प्रत्येक उपायाच्या आधी तोच एक शब्द होता : 'परात स्वच्छ करून'. ती स्वच्छ कशी करायची यावर कुणी काही बोललं नाही. तवा आधी घासावा लागतो, मग तेल लावायचं, हे सांगायला मंडळात एकही तवा घासणारा नव्हता. घासणाऱ्या सगळ्या आत बटाटेवडे तळत होत्या.

तेव्हा तिसरा उपाय : खाली शिरणं. ढकलायचं यंत्र आडवं करता येतं. ट्रॅक्टर आडवा करायचा नसतो, त्याचं तेल नको तिथे जातं आणि पेट्रोल नको तिथून येतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली तर जाऊच नये. मी मोटारीचे रॅम्प आणले, पुढची चाकं वर चढवली, मागच्या चाकांना अडण्या लावल्या. किल्ली काढून खिशात टाकली, स्पार्क प्लगची वायर काढून ठेवली. ही दोन कामं केल्याशिवाय पात्याजवळ हात नेणाऱ्या माणसाला पुढे आरतीत टाळ्या वाजवताना अडचण येते. मग पाठीवर झोपून आत सरकलो. पुस्तिकेत प्लास्टिकची किंवा लाकडाची खरवडणी वापरा म्हटलं होतं. प्लास्टिकची पहिल्या पाच मिनिटांत मोडली. लाकडी चमच्याला बायकोने आदल्या दिवशीच कुलूप लावलं होतं. उरला होता कालथा.

डोळ्यांत गवताची भुकटी, तोंडात गवताची भुकटी, आणि वरच्या पत्र्यावरून कवडीएवढे तुकडे पडताहेत. अशा वेळी माणसाच्या मनात इतिहासाचे विचार येतात. या सगळ्याला जबाबदार कोण? जबाबदार एडविन बडिंग. इंग्लंडात ग्लॉस्टरशरमध्ये, स्ट्राउडजवळ राहणारा कारागीर. तिथल्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव भादरायचं यंत्र असे. ते पाहून त्याच्या डोक्यात आलं की कापडाची लव भादरता येते तर जमिनीची का नाही, आणि १८३० साली त्याने गवत कापायचं पहिलं यंत्र बनवलं. शेजारी वेडा म्हणतील म्हणून तो ते रात्री चालवून पाहायचा, असं सांगतात. म्हणजे या यंत्राचं पहिलं इंधन शेजाऱ्यांची भीती. आजही ते त्याच इंधनावर चालतं, पेट्रोल वरखर्चाला लागतं.

इथवर मी आलो होतो, तेवढ्यात थालीपिठाचा प्रसंग घडला, आणि पाठोपाठ आई गॅरेजच्या दारात उभी राहिली.

"काय करतोस रे खाली?"

"खरवडतोय."

"परात टांगलेली ठेवून कुणी घासतं का? खाली काढ तिला."

आता या यंत्राचा सगळा अभ्यास झालेला इंजिनिअर मी, आणि हे मला अशा बाईने सांगावं, जिने आयुष्यात बैलगाडी सोडून काही चालवलं नाही. पण खरं ते खरं. रॅम्पवरून ट्रॅक्टर सपाटीला घेतला. परात सगळ्यांत खालच्या खुणेवर आणली, इंजिनाच्या कप्पीवरून पट्टा उतरवला. ती टांगलेली असते बारीक वाकड्या पिनांवर. पुस्तिकेत त्यांचं नाव हेअरपिन असंच लिहिलंय. पाचवी पिन निसटली, टिंग असा आवाज झाला, आणि ती दिसेनाशी झाली. मी रांगत शोधू लागलो.

"काय हरवलं?"

"हेअरपिन."

आईने शांतपणे अंबाड्यातली पिन काढून पुढे केली.

चाकं एका अंगाला वळवून परात बाजूने ओढून काढली, आणि दोघांनी धरून उताणी केली. तीन वर्षं मी जे वरून पुसत होतो, ते आज खालून पाहिलं. गप्पच झालो. सह्याद्रीच्या कड्यात लाव्हाचे थर दिसतात ना, एकावर एक, तसं ते होतं. वरचा थर हिरवट ओला, तो गेल्या आठवड्याचा. त्याखाली तपकिरी जुलै, त्याखाली काळपट मे. तळाशी पत्र्याला भिडून आधीच्या वर्षांचा, दगडासारखा. मे आणि जुलैच्या मधे लेकीच्या केसांची रबरी गुलाबी पट्टी निघाली. ती हरवल्याबद्दल मी तिला काळजीपूर्वक वागण्यावर भाषण दिलं होतं. आणि या सगळ्यातून एक आंबूस, ओळखीचा वास येत होता. मला तो ओळखता येईना. आईला आला.

"मुरघास घातलास की रे!" ती खूश होऊन म्हणाली. "चांगला मुरलाय. म्हशी कुठंयत?"

खरंच होतं. ओलं गवत दाबून हवाबंद ठेवलं की आंबून मुरघास होतो, आणि आमच्या जिल्ह्यात दूधवाले त्यासाठी खड्डे खणतात, प्लास्टिकचे कागद अंथरतात. मी तो विनासायास, बसल्या बसल्या, कॉफी पीत केला होता.

आई आत गेली आणि खुरपं घेऊन आली. गेल्या खेपेला तिने ते सामानाच्या बॅगेत आणलं होतं, गोडा मसाला आणि शेवयांच्या मधे, परसात मेथी लावायची म्हणून. तिने पदर खोचला, परातीपाशी उकिडवी बसली. मला पुस्तिका आठवली.

"आई, धातूने नको. रंग निघेल, मग गंज धरेल."

"चाळीस वर्षं तण काढताना पीक कापलं नाही मी," ती म्हणाली. "तुझा रंग काय कापतेय?"

आणि तिने खुरपं जवळजवळ आडवं धरलं, थराच्या कडेखाली सारलं, आणि मनगटाचा एक हलका झटका दिला. भाकरीएवढी खपली अखंड निघून आली. खाली रंग शाबूत. मी पहाटेपासून खर्र खर्र करून जेवढं काढलं होतं, तेवढं तिच्या तीन झटक्यांत निघालं. मी तिच्या शेजारी बसून खपल्या बादलीत भरू लागलो. पदवीनुसार कामाची वाटणी झाली.

खरवडता खरवडता तिने एक वाळकी काडी उचलली, पेरं पेरं असलेली, आणि उजेडात धरली.

"ही तर हरळी आहे."

आता हे कधीतरी कळणारच होतं. मी कबूल केलं. इथे तिला बर्म्युडा गवत म्हणतात. शास्त्रीय नाव सिनोडॉन डॅक्टिलॉन. तीच आपली हरळी, तीच दूर्वा. मला स्वतःला हे घर घेतल्यावर काही वर्षांनी समजलं, तोवर मी तिच्या खताच्या पोत्यांवर भरपूर पैसे घालवले होते. आई काही क्षण नुसती बघत राहिली. माझ्या आजोबांचं अर्धं आयुष्य हरळीशी भांडण्यात गेलं. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, आणि भर उन्हात नांगरामागे घरच्या बायापोरांनी हरळीच्या काशा वेचायच्या. काशीचं एक पेर जरी मातीत राहिलं तरी पुढच्या पावसात पुन्हा उभी. आईने लग्नानंतरची पहिली दहा वर्षं त्या काशा वेचल्या.

"आणि तू तिला खत घालतोस."

"हो."

"पाणी पण?"

"हो. टायमर लावलाय."

मी विषय जरा वर उचलायचा म्हणून सांगितलं की ही साधी हरळी नाही. हा टिफवे नावाचा वाण, शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावात ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० साली आणलेला. आणि याच बर्टनने बाजरीवरही काम केलं. त्याच्या टिफ्ट २३ ए या बाजरीपासून १९६५ साली भारतातली पहिली संकरित बाजरी निघाली, एचबी-१. आई लहान होती तेव्हा गावात जी 'हायब्रीड' आली, तिचं मूळ इथून चार राज्यं पलीकडेही नाही. मला वाटलं, एकाच माणसाने माझ्या आईच्या भाकरीत आणि माझ्या शनिवारात हात घातला, हे ऐकून ती थक्क होईल. ती थक्क झाली नाही. तिने हिशेब केला.

"म्हणजे त्याची बाजरी आम्हाला, आणि हरळी तुला," ती म्हणाली. "वाटणीत तू फसलास."

नंतर तिने विचारलं, ही गाडी किती लांब जाते. मी तिला आल्विन स्ट्रेटची गोष्ट सांगितली. आयोवातल्या लॉरेन्स गावचा ७३ वर्षांचा म्हातारा. भावाला अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं. नजर अधू, गाडी चालवायचा परवाना नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसायचं नाही. मग १९९४ साली तो गवत कापायच्या ट्रॅक्टरवर बसला, मागे छोटी गाडी जोडली, आणि २४० मैल चालवत विस्कॉन्सिनला भावाकडे गेला. आपल्याकडचं म्हणायचं तर मुंबईहून निघून कोल्हापूर गाठलं, ताशी आठ किलोमीटरने. वाटेत यंत्र बंदही पडलं. पुढे १९९९ साली डेव्हिड लिंच या दिग्दर्शकाने त्यावर चित्रपट काढला.

आईने खुरपं थांबवलं. "गवताच्या गाडीवर गेला भावाकडे?"

"हो."

"तुला विमान असून चार-चार वर्षं लागतात."

बराच वेळ नुसता खुरप्याचा आवाज येत होता. मी बादली रिकामी करायला उठलो. ती अजून भरली नव्हती.

परात दुपारी बारापर्यंत स्वच्छ झाली. मी पाती काढून त्यांना धार लावली, आत सिलिकॉनचा फवारा मारला, आणि हात धुऊन येतो तो आई कुंपणापाशी उभी. बुधवारी गणेशचतुर्थी. तिला दूर्वा हव्या होत्या, एकवीस जुड्या.

"तीस गुंठे दूर्वा आहेत," मी हात पसरून म्हटलं.

तिने वाकून पाहिलं. दीड इंचावर सपाट कापलेलं गवत. दूर्वेला वर तीन पानं लागतात. माझ्या अंगणात एका काडीला धड एक पान नव्हतं. त्यात खत मारलेलं, तणनाशक मारलेलं. आणि मीच मघाशी फुशारकीने सांगून बसलो होतो की टिफवे हा संकर आहे, एका अंगाने दूर्वा आणि दुसऱ्या अंगाने आफ्रिकेतलं भाऊबंद गवत.

"म्हणजे निम्मी दूर्वा," आई म्हणाली. "देवाला निम्मी चालत नाही."

कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा गुलाबांच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून काहीतरी उपटत होते. त्यांच्या हिरवळीत फेस्क्यू नावाचं दुसरं गवत आहे, आणि आमच्या इथे फेस्क्यूवाले लोक बर्म्युडाला वैरी मानतात. त्यांच्या वाफ्यात रानटी बर्म्युडा शिरली होती. संकर नाही, बिंकर नाही, बिनकापलेली, वीतभर उंच, लांबून तीन पानं दिसणारी. आजोबा तिला डेव्हिल ग्रास म्हणतात. बरेच लोक म्हणतात. मी आईला अर्थ सांगितला : सैतानाचं गवत.

"विचार त्यांना, मला देतील का म्हणून."

मी कुंपणावरून विचारलं. म्हटलं, माझ्या आईला ते गवत हवंय, देवाला वाहायला. आजोबांनी हातातल्या काशांच्या गुंत्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग आकाशाकडे.

"देवाला सांगा," ते म्हणाले, "सगळं घेऊन जा."

आई खुरपं घेऊन पलीकडे गेली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण काशी कुठून धरून ओढली की तुटत नाही हे दोघांना कळत होतं. अर्ध्या तासात वाफा साफ झाला. आजोबांनी आईला टोमॅटो दिले. इतकी वर्षं मी त्यांच्याशी कुंपणावरून हवामानापलीकडे बोललो नव्हतो.

संध्याकाळी परात पुन्हा टांगली. हरवलेली पिन शेवटपर्यंत मिळाली नाही, नवी आणावी लागली. आईच्या अंबाड्यातली मी नम्रपणे परत केली. पट्टा कप्प्यांवरून कुठून कसा जातो त्याच्या चित्राकडे बघत मी दोन वेळा तो उलटा बसवला, तिसऱ्यांदा सुलटा. मग ट्रॅक्टर सुरू केला. काय चाललं ते यंत्र! गवत ताठ उभं राहत होतं, सपासप कापलं जात होतं, तोंडातून बारीक कीस उडत होता. एक गोळा नाही. मी आनंदाने सगळं अंगण कापलं, कापलेलं पुन्हा कापलं. मग गॅरेजमध्ये येऊन, किल्ली काढून, वाकून टॉर्चने खाली पाहिलं.

परातीच्या आत, चकचकीत पत्र्यावर, पातळ हिरवा थर बसला होता. जेमतेम वर्खाएवढा.

माझा चेहरा पडलेला पाहून आईने विचारलं. मी दाखवलं. म्हटलं, सगळा दिवस घालवला आणि बघ, पुन्हा सुरुवात.

आई बराच वेळ हसली. नंतर तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथे बायको सकाळचा तवा घासत होती, त्यावर जळलेल्या थालीपिठाची काळी खरवड होती.

"ती रोज घासते," आई म्हणाली. "मी पन्नास वर्षं घासतेय. तू तीन वर्षांतनं एकदा घासलीस आणि गावभर सांगत सुटलास."

मी तो तवा घ्यायला पुढे झालो. बायकोने दिला नाही. आधी कालथा मागितला. मी तो गरम पाण्याने तीनदा धुऊन, पुसून, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिने नाकाशी नेला आणि परत माझ्या हातात दिला.

तो कालथा आता गॅरेजमध्ये खिळ्यावर असतो, खुरप्याच्या शेजारी. दर शनिवारी गवत कापून झालं की मी तोटीला पाइप लावतो, गाडी आधी रस्त्यावर नेऊन ठेवतो, आणि कडेला राहिलेलं त्या कालथ्याने काढतो. स्वयंपाकघरात नवा कालथा आलाय. त्याच्या दांड्यावर बायकोने न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवलंय : 'फक्त खायच्या वस्तूंसाठी'. खाली लेकीने बारीक अक्षरात भर घातलीय : 'बाबा, मुरघास यात येत नाही'.